कात, तूप आणि कारिवणा

शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, ही गोष्ट इथल्या पोरासोरांनाही पाठ. कापलेलं नाक पुन्हा बसवण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहे. कॉलेज रोडवर चेहऱ्यावर लेझर किंवा पील (त्वचेचा वरचा थर सोलून काढणं) करून निघालेल्यांच्या पिशवीतल्या ‘हर्बल’ ट्यूबची कुळकथा तिथपासून सांगता येते.

नाक जोडून झाल्यावर सुश्रुत पतंग नावाच्या झाडाचं लाकूड, ज्येष्ठमध आणि रसांजन (म्हणजे दारुहळदीचा घट्ट अर्क) यांची पूड भुरभुरायला सांगतो. वर पांढरा कापूस, आणि तो तिळाच्या तेलानं पुन्हापुन्हा भिजवायचा.

पुढचा पुरावा पुण्याचा. इंग्रजी फौजेतला गाडीवान कावसजी याचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक केलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’नं ती हकीगत छापली. शस्त्रक्रियेवर पुष्कळ लिहिलं जातं, मलमपट्टीवर कोणी बोलत नाही. काताचा लेप दिलेल्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक, चार दिवस तशाच. मग तुपात भिजवलेली फडकी. विड्यात तोंड रंगवतो तोच हा खैराचा कात! त्यातल्या तुरट द्रव्यांनी जखमेचा पाझर आवळला जात असणार.

तेल काय, तूप काय, दोन्हींमुळे जखम कोरडी पडत नाही. झाकून ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते, हे १९६२ मध्ये जॉर्ज विंटरनं डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. माझ्या मते बऱ्याच मलमांचं निम्मं श्रेय या स्निग्ध भागाचं. जाहिरातीत मिरवते ती वनस्पती.

सध्या मिरवतेय ‘सिका’, म्हणजे मंडूकपर्णी, आपली कारिवणा. १९४० च्या दशकात मादागास्करमध्ये तिच्यातल्या एशियाटिकोसाइड या द्रव्यावर काम झालं, पुढे फ्रेंच मलमं आली, आणि आता ती कोरियन ट्यूबमधून आपल्याकडे परतली आहे. प्रयोगशाळेत हे द्रव्य पेशींना कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) बनवायला लावतं. लेझरनंतरच्या चेहऱ्यावरचा पुरावा त्या मानानं तोकडा. कॅलेंडुला या झेंडूसारख्या फुलाचंही तेच. २००४ ची गाजलेली फ्रेंच चाचणी २५४ स्तनकर्करुग्णांवरची, किरणोपचारानं त्वचा होरपळू नये यासाठीची होती.

सोललेल्या त्वचेवर वनस्पतींच्या अर्काची ॲलर्जीही उठू शकते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर दाह झाला की काळा डाग मागे राहतो. म्हणून कित्येक डॉक्टर पहिले काही दिवस साधी पेट्रोलियम जेलीच देतात. बाल्कनीतली कोरफड तोडून थेट चोळणं तर नकोच. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक आधीच झोंबतो.