तैबे ब्रुअरी

इस्रायलव्याप्त वेस्ट बँकमधील तैबे या पॅलेस्टिनी गावात खूरी कुटुंब चालवीत असलेला बिअरचा छोटा कारखाना. स्थापना १९९४. मध्यपूर्वेतील पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून तिची ओळख आहे. अरबी भाषेत ‘तैबे’ म्हणजे चवदार, चांगली. गावाचे नाव आणि बिअरचे नाव एकच.

गाव रामल्लाच्या ईशान्येला, डोंगरमाथ्यावर वसले आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास आणि जवळपास सगळी ख्रिस्ती. योहानच्या शुभवर्तमानात येशू ज्या एफ्राइम गावी जाऊन राहिला असे म्हटले आहे, ते हेच, अशी इथली श्रद्धा आहे. बहुसंख्य मुसलमान समाजात बिअरचा कारखाना कसा उभा राहिला, हा प्रश्न गावाचे हे रूप पाहिले की बराचसा सुटतो.

नदीम आणि डेव्हिड हे खूरी बंधू अमेरिकेत बोस्टनजवळ स्थायिक झाले होते. नदीम यांना विद्यार्थिदशेपासून घरी बिअर बनवण्याचा नाद होता. पुढे त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत त्याचे रीतसर शिक्षण घेतले. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातील १९९३ च्या ओस्लो शांतता करारानंतर आता आपले राज्य उभे राहणार, या आशेने कितीतरी पॅलेस्टिनी मायदेशी परतले. खूरी कुटुंबही त्यांतलेच. अमेरिकेत जम बसलेला असताना सगळे आवरून त्यांनी पैसा गावात घातला. त्या पिढीचा भरवसा किती खरा होता, हे यावरून कळते.

बिअर जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या १५१६ च्या शुद्धता नियमाला धरून बनते. मोड आणून वाळवलेले जव, हॉप्स (कडसर चवीची फुले), यीस्ट आणि पाणी, याखेरीज काही नाही. जव आणि हॉप्स युरोपातून येतात. पाणी मात्र जवळच्या ऐन सामिया झऱ्याचे. ‘गोल्डन’ हा मूळ आणि सर्वांत खपाचा प्रकार. पुढे ‘डार्क’ आणि ‘अंबर’ आले. गव्हाच्या ‘व्हाइट’मध्ये धणे आणि संत्र्याची साल पडते, म्हणजे तिथे हा नियम बाजूला ठेवलेला दिसतो. २००६ च्या निवडणुकीत हमास या इस्लामवादी पक्षाला बहुमत मिळाल्यानंतरच्या काळात मद्यार्करहित बिअरही बाजारात आली. ती धर्मनिष्ठ मुसलमान शेजाऱ्यांनाही पिता येते.

खरी कसोटी बिअर तयार झाल्यावर लागते. हिच्यात टिकवणारी रसायने नाहीत आणि ती पाश्चरीकृतही (टिकण्यासाठी तापवलेली) नाही. त्यामुळे उन्हात तासन्‌तास थांबणे तिला मानवत नाही. वेस्ट बँकमध्ये तर रस्त्यारस्त्यावर इस्रायली लष्कराचे नाके. पॅलेस्टाइनच्या ताब्यात बंदर नाही, विमानतळही नाही. निर्यातीचा खोका इस्रायली तपासणीतूनच बाहेर पडतो. नाका केव्हा उघडेल याचा नेम नसतो. जवळच्या अंतरासाठी दिवस मोडतो आणि वाहतुकीचा खर्च फुगतो. २००० मध्ये दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनींचा उठाव) सुरू झाला, पर्यटक आटले, विक्री कोसळली आणि कारखाना बंद पडायच्या बेताला आला. कुटुंबाने तो सोडला नाही, ही या नोंदीतली सर्वांत मोलाची गोष्ट मानावी लागेल.

डेव्हिड खूरी २००५ मध्ये गावाचे महापौर झाले आणि त्याच वर्षी इथे ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव सुरू झाला. नाव जर्मन असले तरी जत्रा गावचीच : दबके हा लोकनाच, गाणी आणि बिअरबरोबर तैबेच्या ऑलिव्ह तेलाचाही खप. रिकाम्या पडलेल्या घरांच्या या गावाला जत्रेच्या दिवसांत माणसे दिसत.

आता धुरा दुसऱ्या पिढीकडे येत आहे. नदीम यांची कन्या मदीस या पॅलेस्टाइनमधील बिअर बनवणाऱ्या पहिल्या महिला. त्यांचे बंधू कनान यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये शेजारीच वाइनरी सुरू झाली. स्थानिक ‘झैनी’ द्राक्षाचीही वाइन तिथे बनते.

जुलै २०२५ मध्ये गावातील सेंट जॉर्ज चर्चच्या प्राचीन अवशेषांजवळ आग लागली. ती वेस्ट बँकमध्ये वसाहती करून राहणाऱ्या इस्रायलींनी लावल्याचा आरोप गावकऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी केला, आणि जेरुसलेमचे ख्रिस्ती धर्मप्रमुख स्वतः गावात आले. गावातून परदेशी जाणाऱ्यांची रांग जुनीच आहे; खूरींच्या कारखान्यात मात्र गावातल्याच लोकांना काम मिळते.