आभासी पडदा (एक्सव्हीएफबी)

मॉनिटर, कीबोर्ड वा माउस नसलेल्या यंत्रावर निव्वळ मेमरीत चालणारा, एक्स विंडो प्रणालीचा (लिनक्ससारख्या प्रणालींवर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेचा) सर्व्हर. लिनक्सवर चित्रमय सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी घेताना डेस्कटॉप बहुधा याच्यावर उभारतात.

एक्स प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. एक्सव्हीएफबी त्यानंतरचा, साधारणपणे १९९०–९५ च्या दरम्यानचा मानावा लागतो. त्याच्या माहितीपानावर कर्ता म्हणून डेव्हिड विगिन्स यांचे नाव आहे. तो चाचणीसाठीच घडवला असे सरसकट लिहिले जाते, पण ते अर्धेच खरे. त्या पानानुसार मुख्य हेतू खुद्द एक्स सर्व्हरच्या चाचणीचा होता : खरे हार्डवेअर हाताशी नसतानाही कोणत्याही रंगखोलीचा (दर बिंदूच्या रंगासाठी लागणाऱ्या बिटांच्या संख्येचा) कोड चालवून पाहता यावा. अनुप्रयोगांच्या चाचणीचा वापर मागाहून जडलेला दिसतो. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियमसारख्या (२००४) साधनांनी तो वाढवला. एक्सव्हीएफबीला ‘हेडलेस’ (पडद्याविना चालणारा) म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि क्रोममध्ये २०१७ साली आलेल्या हेडलेस पद्धतीत पडद्यावर खिडकी उघडतच नाही. इथे खिडकी खरीच उघडते, फक्त ती पाहायला कोणी नसते. म्हणून ‘आभासी पडदा’ हेच नाव अधिक नेमके.

१२८०×१०२४ आकाराच्या २४ बिटी पडद्यावर प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात (२४ बिटांचा रंग ३२ बिटांच्या जागेत साठवतात), म्हणजे एकूण ५२,४२,८८० बाइट. डेबियन या लिनक्स वितरणातील एक्सव्हीएफबी-रन या आवरणाचा (एक्सव्हीएफबी सुरू करून त्यावर प्रोग्रॅम चालवणाऱ्या स्क्रिप्टचा) पडदा-क्रमांक ९९ पासून सुरू होतो. आकार व रंगखोली स्वतः सांगून ठेवावी. विंडो मॅनेजर (खिडक्यांची जागा, आकार व फोकस सांभाळणारा प्रोग्रॅम) नसेल तर खिडक्या मोठ्या होत नाहीत, फोकस भरवशाचा राहत नाही आणि टाइप केलेली अक्षरे भलतीकडे जातात. त्यासाठी ओपनबॉक्ससारखा हलका मॅनेजर पुरतो.

फॉन्ट हा स्वतंत्र विषय. देवनागरी फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ‘दऱ्या’ या शब्दाच्या जागी नुसत्या चौकटी उमटतात. तरीही ॲक्सेसिबिलिटी स्तरावरून (स्क्रीन-रीडरसारख्या साधनांना मजकूर पुरवणाऱ्या सोयीतून) मजकूर वाचणारी चाचणी बिनबोभाट उत्तीर्ण होते. ही चूक स्क्रीनशॉट ताडून पाहणाऱ्या चाचणीतच पकडली जाते. मात्र फॉन्टची आवृत्ती वा अक्षरांच्या कडांचे गुळगुळीतकरण बदलले की स्क्रीनशॉटची हीच चाचणी विनाकारण नापास होते.

एक्सऐवजी वेलँड ही नवी प्रदर्शन-व्यवस्था असेल तर तिच्या वेस्टन या सर्व्हरचा हेडलेस बॅकएंड (पडद्याविना चालण्याची सोय) वापरता येतो. विंडोजवर सत्र कुलूपबंद झाले की माउस-क्लिकवर बेतलेल्या चाचण्या अडतात.