आमटी बंद, पण टेप कुठे आहे?

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर, आमचे काका, राहतात. सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू. मध्यंतरी तपासणीचा कागद घेऊन आले. युरिक ॲसिड वाढलेलं, 7.8. "डाळीनं हे वाढतं म्हणतात, म्हणून आमटी बंद करून तीन महिने झाले. पालक नाही, टोमॅटो नाही. तरी आकडा हलंना झालाय की," असं म्हणाले तेव्हा चेहरा अगदी उतरला होता.

मी शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली. "कंबर 34 आहे माझी, पँट बघा की," काका म्हणाले. पण पट्टा पोटाच्या खाली बसला होता. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरली, श्वास सहज सोडायला सांगितला आणि मोजलं. 101 सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ 40 इंच. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

युरिक ॲसिड हा शरीरातला रोजचा कचरा. पेशींमधल्या प्युरीन नावाच्या घटकांची मोडतोड झाली की शेवटी हे उरतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे फोडणारं युरिकेज नावाचं विकर असतं. माणसाचं ते उत्क्रांतीच्या ओघात निकामी झालं. त्यामुळे आपली भिस्त मूत्रपिंडांवर. सुमारे दोन-तृतीयांश युरिक ॲसिड लघवीवाटे जातं, बाकीचं आतड्यातून.

आता पोटाकडे येऊ. कातडीखालची चरबी चिमटीत धरता येते. आतड्यांभोवती साठलेली धरता येत नाही, आणि खोडी तिचीच जास्त. तिच्यातून सुटलेली मेदाम्लं थेट यकृतात जातात. यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. हे जादा इन्सुलिन मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांवर काम करतं: बाहेर जायला निघालेलं सोडियम परत रक्तात ओढलं जातं, आणि युरिक ॲसिडही. सोडियम थांबलं की पाणी थांबतं, बीपी चढतं. म्हणून बीपीवाल्यांच्या कागदावर युरिक ॲसिड वाढलेलं दिसलं की मला आधी पोटाचा घेर विचारावासा वाटतो.

वजनकाटा इथे फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं आपल्या घराघरांत आहेत.

आणि डाळ? 2004 सालीच अमेरिकेत 47 हजारांहून अधिक पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारी दुखरी सूज, वाढलेला दिसला. डाळी-कडधान्यं, पालक अशा प्युरीन असलेल्या भाज्यांनी तो वाढला नाही. काकांचं पथ्य चुकीच्या पदार्थावर बसलं होतं. साखर सोडून ते गुळाचा चहा घेत होते आणि संध्याकाळच्या फेरीनंतर रसवंतीवर एक ग्लास रस. ऊस ही आपल्या कृष्णाकाठची भाकरी आहे, त्यामुळे हे लिहिताना जड जातं. पण गूळ काय, रस काय, त्यातली मुख्य साखर सुक्रोज, आणि तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज. यकृत फ्रुक्टोज इतक्या घाईनं पचवतं की पेशीतलं एटीपी हे इंधन भराभर संपतं, आणि त्याच्या राखेतून युरिक ॲसिड तयार होतं. बिअर तर दुहेरी: त्यात अल्कोहोलही आणि प्युरीनही.

मग युरिक ॲसिड खाली आणणारी गोळी घेतली की बीपी उतरेल? 2008 साली 30 किशोरवयीन रुग्णांवरच्या प्रयोगात ॲलोप्युरिनॉलने बीपी उतरलं, तेव्हा मोठी आशा वाटली होती. प्रौढांमध्ये तसं ठाम यश मिळालं नाही. त्यामुळे गाउट किंवा मुतखडा नसेल तर नुसत्या आकड्यासाठी सहसा गोळी देत नाहीत. उलट बीपीच्या काही गोळ्याच आकडा हलवतात: लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातल्या तो चढवतात, लोसार्टन थोडा उतरवते. आपली गोळी कुठली हे डॉक्टरांना जरूर विचारा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका.

काका त्याच दिवसापासून कडक उपास धरायला निघाले होते. मी हात धरून थांबवलं. एकदम उपाशी राहिलं की रक्तात चरबी जळून तयार होणारे कीटोन वाढतात, ते लघवीतून बाहेर पडण्यासाठी युरिक ॲसिडशी चढाओढ करतात, आणि आकडा काही दिवस वरच जातो. पोट हळूहळूच उतरवायचं.

रस बंद झालाय, चहा बिनगुळाचा झालाय. टेप त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारी खिळ्याला लटकते; दर रविवारी काकू स्वतः मोजतात. गेल्या रविवारी 98 होतं. आमटी पुन्हा सुरू झाली आहे.