डोकं शांत, पण निर्णय होईना

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांनी एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. त्याने डायरी काढली आणि जवळपास अर्धा तास तो दोन्ही तारखांची उजवी-डावी बाजू तपासत बसला: आधी ठरलेली कामं, इतर भेटी, हवेचा अंदाज. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. शेवटी दमासिओंनीच दुसरी तारीख सांगितली. त्याने ती तत्काळ मान्य केली आणि निघाला. या माणसाच्या मेंदूचा कपाळामागचा, खालच्या बाजूचा भाग निकामी झाला होता. बुद्धी शाबूत होती. दोन गोष्टींपैकी एक जास्त हवीशी वाटणं, तेवढंच उरलं नव्हतं.

'भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस' असं आपण मुलांना सांगत आलो. हा माणूस भावनेच्या भरात कधीच नसायचा, आणि निर्णय मात्र त्याला घेता येत नव्हता. हे कोडं उमगायला विज्ञानाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

सुरुवात 13 सप्टेंबर 1848 ला झाली. अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडायचं काम चालू होतं. फिनिअस गेज हा 25 वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू ठासत असताना स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरली आणि डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. गेज बैलगाडीत ताठ बसून गावात आला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी वीस वर्षांनी, 1868 मध्ये लिहिलं की पूर्वीचा जबाबदार मुकादम आता लहरी, शिवराळ, धरसोड करणारा झाला होता. तो आता 'गेज राहिला नाही' असं त्याचे सोबती म्हणत.

यातून धडा निघायला हवा होता. निघाला तो भलताच. 1935 मध्ये लंडनच्या परिषदेत दोन चिंपांझींवरचे प्रयोग सांगितले गेले. त्यांतली एक चुकली की थयथयाट करायची. मेंदूचा पुढचा भाग काढल्यावर ती शांत झाली. दुसरीच्या बाबतीत उलट घडलं, पण लक्षात राहिली ती पहिली. त्याच वर्षी लिस्बनमध्ये मेंदूतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी माणसांवर तशा शस्त्रक्रिया सुरू केल्या. 1949 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हजारो माणसांच्या मेंदूतले धागे कापले गेले. भावना म्हणजे विचारात घुसलेला त्रास, तो काढला की माणूस सुधारेल, या समजुतीने घेतलेली किंमत म्हणून मी या काळाकडे पाहतो, आणि ते वाचताना आजही हात थरथरतो.

दुसरा एक धागा मात्र आधीपासून होता. 1884 मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी मांडलं की शरीरातले बदल आधी होतात आणि त्यांची जाणीव म्हणजेच भावना. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये त्यावर कडक टीका केली. मराठी माणसाला जेम्स यांचं म्हणणं परकं वाटू नये. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, अंगावर काटा येतो, काळजात धस्स होतं. आपल्या भाषेत भावनेला अवयव आहे.

दमासिओ आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं. पत्त्यांच्या चार गड्ड्या, हवी त्यातून एकेक पत्ता उचलायचा. दोनांत मोठा फायदा पण त्याहून मोठा तोटा, दोनांत थोडा पण टिकाऊ लाभ. 1997 मधल्या निबंधानुसार दहाएक पत्त्यांनंतर निरोगी माणसांच्या तळहाताला वाईट गड्डीकडे जाताना सूक्ष्म घाम येऊ लागला. गड्डी वाईट आहे असा संशय मात्र त्यांना पन्नासाव्या पत्त्याच्या आसपास आला. कपाळामागे इजा झालेल्यांना हा घाम आलाच नाही. काहींना कोणती गड्डी वाईट हे कळलं, तरी ते तिथूनच पत्ता उचलत राहिले. 2004 मध्ये इतर संशोधकांनी दाखवलं की आधी मानलं होतं त्यापेक्षा खेळणाऱ्यांना बरंच लवकर कळलेलं असतं, त्यामुळे 'शरीराला आधी कळतं' हा भाग वादात आहे. पण कळूनही न वळणारी ती माणसं उरतातच.

गेजची गोष्टही सांगितली जाते तेवढी सरळ नाही. 1852 मध्ये तो चिलीला गेला आणि तिथे कित्येक वर्षं घोडागाडी हाकत राहिला. उतारू सांभाळायचे, घोड्यांचा कल ओळखायचा, खडबडीत रस्त्यावर वेळ पाळायची. लहरी, धरसोड माणसाला हे जमणं कठीण. रोजच्या ठरलेल्या कामाने त्याला बहुधा पुन्हा सावरलं असावं. 1860 मध्ये सॅन फ्रान्सिस्को भागात झटके येऊन तो वारला. 2009 मध्ये त्याचं एक जुनं छायाचित्र ओळखलं गेलं. त्यात डावा डोळा मिटलेला, अंगावर नेटके कपडे, आणि हातात तीच पहार.