डिस्कवर बॅकअप: तुकडे पाडायचे की वाटण्या करायच्या?

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर निघायचं म्हणजे डोक्याला दुपट्टा गुंडाळून, त्यापेक्षा कूलरसमोर बसून जुने फोटो-व्हिडिओ ब्लू-रे डिस्कवर टाकू म्हटलं. तेवढ्यात मोठा मावसभाऊ आला आणि म्हणे, "काहून बे, एकेक फोल्डर काय वेचत बसला? सगळ्याची एक झिप कर, पाड तुकडे, झालं!"

त्याच्या मते दोन्ही एकच. डेटा शेवटी वीस-बावीस डिस्कवरच जाणार ना? जाणार, पण परत येताना फरक कळतो.

तुकडे पाडणं म्हणजे सेव्हन झिप नाहीतर विनरार, म्हणजे फाईली दाबून एकत्र बांधणारे प्रोग्राम, त्यांना सांगायचं की सगळ्याची एकच मोठी फाईल बनव आणि डिस्कच्या मापाने काप. एकेक तुकडा एकेका डिस्कवर, पण एकटा तुकडा उघडून काही दिसत नाही, सगळे एकत्र आणावे लागतात. वाटणीत काही जोडलेलंच नसतं, 2015 चे फोटो या डिस्कवर, 2016 चे त्या डिस्कवर, फोल्डर जसेच्या तसे, कोणतीही डिस्क उचला, घाला, बघा.

मी त्याला म्हटलं, "दादा, तुझ्या लग्नाच्या डीव्हीड्या आठवतात का?" सेव्हन झिपने पाडलेले सहा तुकडे, सहा डीव्हीड्या, त्यानेच बनवलेल्या. सहावी खिडकीजवळ टीव्हीवर पडून राहिली, ऊन आणि धूळ खात, आणि एक दिवस वाचेचना. बाकी पाच चकाचक, एक ओरखडा नाही, तरी एकही फोटो निघेना. कारण सेव्हन झिप आत कोणकोणत्या फाईली आहेत त्याची यादी सगळ्यात शेवटी लिहितं, म्हणजे शेवटचा तुकडा गेला की कुठे काय ठेवलंय तेच त्याला कळत नाही. साध्या झिपमध्येही यादी शेवटीच. आरएआरमध्ये, म्हणजे विनरारच्या फाईलीत, प्रत्येक फाईलची माहिती तिच्याच आधी असते, त्यामुळे मधली एखादी डिस्क गेली तरी बाकीचं बऱ्यापैकी काढता येतं, पण बनवताना 'सॉलिड' वर, म्हणजे सगळ्या फाईली एकाच सलग ओळीत दाबण्याच्या पर्यायावर, टिक केली असेल तर खराब तुकड्याच्या पुढचं सगळं गेलंच समजा. वाटणी केली असती तर सहाव्या डीव्हीडीवर जेवढं होतं तेवढंच गेलं असतं, बस.

आणि झिप करून जागा वाचेल हा भ्रमच आहे, जेपेग फोटो आणि एमपीफोर व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यातून आणखी काय पिळणार?

वाटणीत कटकट नाही असं नाही हं. ब्लू-रे डिस्कवर 25 जीबी छापलेलं असतं पण विंडोजमध्ये साधारण 23.3 दिसतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. डीव्हीडीचंही तसंच, 4.7 चे 4.38. म्हणून फोल्डर लावताना मी 22 वर थांबतो, प्रत्येक डिस्कमागे थोडी जागा फुकट जाते, जाऊ दे. वर कोणत्या डिस्कवर काय आहे ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, नाहीतर बारशाचे फोटो शोधायला अख्खी चळत चाळा. मी एक टेक्स्ट फाईल बनवतो, ती प्रत्येक डिस्कवर टाकतो आणि मोबाईलमध्येही ठेवतो. बर्न झाल्यावर व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं नीट वाचलं जातं का ते तपासणं, तर दोन्हीकडे करायचंच.

तुकडे पाडल्याशिवाय गत्यंतर नाही ते एकाच ठिकाणी, एकच फाईल डिस्कपेक्षा मोठी असेल तेव्हा. माझ्याकडे एका कार्यक्रमाचं 60 जीबीचं सलग रेकॉर्डिंग होतं, त्याचे विनरारने तीन तुकडे केले आणि सोबत एक रिकव्हरी व्हॉल्यूम बनवला. तिघांपैकी कोणताही एक तुकडा गेला तरी उरलेले दोन आणि हा मिळून तो परत तयार होतो. फक्त त्याचा आकार तुकड्याएवढाच असतो, म्हणून चौथी डिस्क लागली. हे असलं दादाने तेव्हा केलं असतं तर...

त्या पाच डीव्हीड्या त्याने अजून कपाटात जपून ठेवल्यात. वहिनीला वाटतं त्यात लग्न आहे.