काळ्या दगडातलं हिरवं: समुद्रतळाच्या बेसॉल्टची पार्श्वभूमी

कोल्हापूर परिसरातल्या खाणीवर ताज्या फुटलेल्या काळ्या दगडात, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या बेसॉल्टमध्ये, कधी कधी सुपारीएवढी पोकळी दिसते. कडेला शेवाळासारखा हिरवा पापुद्रा, आत पांढरे स्फटिक. पापुद्रा नखाने खरवडला की मातीसारखी भुकटी निघते. हे सेलाडोनाइट. लाव्हारसात वायूचा बुडबुडा अडकला, रस थिजला आणि त्या रिकाम्या जागेत पाण्याने आपलं काम केलं: आधी हिरवं, मग पांढरं. दगड थिजल्यावर जन्मली म्हणून ही दुय्यम खनिजं.

आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला, त्यामुळे त्यात मुरलं ते पावसाचं पाणी. महासागराच्या तळाशी लाव्हा थेट खाऱ्या पाण्यात येतो. तिथे पुढे काय होतं हे उलगडायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

१८४५ मध्ये जर्मन भूवैज्ञानिक सार्टोरियस फॉन वाल्टर्सहाउझेन यांनी सिसिलीतल्या पालागोनिया गावावरून एका पिवळसर-तपकिरी पदार्थाला पॅलागोनाइट नाव दिलं. लाव्हाची काच पाण्याने बदलली की तो तयार होतो. पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने समुद्रतळाचा गाळ वर काढला. त्या गाळावरच्या मरे आणि रेनार्ड यांच्या १८९१ च्या अहवालात पॅलागोनाइट आहे, फिलिप्साइट नावाचं झिओलाइटही (रचनेत पाणी धरून ठेवणारं खनिज) आहे. पण नमुने तळाच्या पृष्ठभागाचे. आपल्याकडे दगडाचा मुरूम होतो, तसंच काहीसं समुद्रातही होतं, एवढंच त्यातून दिसत होतं.

खरा पेच टाकला उष्णतेने. मध्य-महासागरी कटकांजवळ, म्हणजे जिथे नवा लाव्हा वर येतो त्या समुद्रतळावरच्या डोंगररांगांजवळ, तळातून बाहेर पडणारी उष्णता १९६० च्या दशकात मोजली, ती हिशेबापेक्षा बरीच कमी भरली. उरलेली जाते कुठे? भेगांतून आत शिरलेलं समुद्राचं पाणीच ती वाहून नेत असणार, असं अनुमान निघालं. १९७७ मध्ये गालापागोसजवळ ‘आल्विन’ पाणबुडीतून गरम झरे प्रत्यक्ष दिसले. दोन वर्षांनी पूर्व पॅसिफिकमध्ये सुमारे ३५० अंश सेल्सिअसचं काळं पाणी ओकणारी धुराडी सापडली. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं: त्या पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ नव्हतंच. समुद्राच्या पाण्यात ते भरपूर असतं. म्हणजे वाटेत खडकाने ते ठेवून घेतलं आणि बदल्यात कॅल्शियम सोडलं. सरळ देवघेव.

या देवघेवीची वही सापडली ५०४बी या विवरात, म्हणजे समुद्रतळात वेधन करून पाडलेल्या खोल छिद्रात. कोस्टा रिका कटकाजवळ १९७९ मध्ये सुरू झालेलं हे विवर १९९३ पर्यंत टप्प्याटप्प्याने समुद्रतळाखाली २,१११ मीटरवर पोचलं. वरच्या गार भागात सेलाडोनाइट, चिकणमातीची खनिजं, लोहाची तांबूस ऑक्साइडं. खाली, तापमान चढलं होतं तिथे, क्लोराइट, अ‍ॅक्टिनोलाइट, एपिडोट ही खनिजं. कोणतं खनिज कुठे बसलंय, यावरून पाणी किती गरम होतं आणि कुठवर मुरलं होतं, ते वाचता येतं.

२०१५ मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर, अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यातही असंच वेधन झालं. तिथे हजार मीटरहून जास्त गाळ पार केल्यावर हाती आला तो बेसॉल्टच.