शाप वेगळा, भाकणूक वेगळी, एवढं तरी लक्षात ठेवा

आपल्याकडं गूढ-रहस्य-फँटसी लिहिणारी पोरं आता ढिगानं झालीत आणि चांगलंच आहे ते. खानापूरचं जंगल, हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावं, येळ्ळूरगडाच्या भिंती, एवढा माल दारात असताना पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली भुतं कशाला आणायची. पण दर दुसऱ्या गोष्टीत तोच घोळ. पहिल्या पानावर "या वाड्याला शाप आहे", पाचव्या पानावर त्यालाच "भविष्यवाणी" म्हणायचं, आणि शेवटी कुठनं तरी एक बाबा येतो, होम करतो आणि "भविष्यवाणी मोडतो". काय गा हे? भविष्यवाणी मोडत नसते, खरी ठरते नाहीतर खोटी ठरते. सुटका मागायची असते ती शापातनं, आणि तीसुद्धा सगळी मिळत नाही.

भाकणूक म्हणजे जत्रेत देवाच्या नावानं सांगतात ती भविष्यवाणी, निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला हे सांगायची गरजच नाही. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या जत्रेत होते, पलीकडं पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत होते, पाऊसपाणी, पिकं, भाव, राजकारण सगळं येतं त्यात आणि मग पेपरात छापून येतं. कन्नड बाजूला मैलारच्या जत्रेत कार्णिक असतं, म्हणजे तिकडची भाकणूकच, देवाचा भक्त गोरवय्या उंच धनुष्यावर चढतो, एकच ओळ बोलतो, आणि मग वर्षभर लोक त्या एका ओळीचा अर्थ लावत बसतात, सत्तेतले एक लावतात, विरोधातले दुसरा. माहितीच आहे हे सगळं, पुढं जाऊया.

आता खरी गोम. भाकणूक सांगणाऱ्याचं फक्त तोंड असतं, हात नसतो. पाऊस कमी पडेल असं सांगितलं म्हणून पाऊस त्यानं अडवला असं कुणी म्हणत नाही, हवामान खात्यावर आपण चिडतो पण ढग त्यांनी पळवले असं म्हणत नाही तसंच. शापात मात्र जे तोंड तोच हात. बोलणाऱ्यानं बोललं म्हणून ते घडतंय, तो बोलला नसता तर घडलं नसतं. एवढाच फरक आहे पण सगळी गोष्ट यावर उभी असते, कारण हात आला की कारण आलं, कारण आलं की कुणीतरी कुणाचं तरी वाईट केलेलं असणार, आणि ते लपवलेलं असणार.

परीक्षिताची गोष्ट घ्या. शिकारीत दमलेला राजा, मौन धरून बसलेले शमीक ऋषी उत्तर देईनात म्हणून त्यांच्या गळ्यात मेलेला साप टाकून गेला. पोरगा शृंगी भडकला आणि सात दिवसांत तक्षक चावून मरशील म्हणून शाप दिला. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणी बघत नाही. शमीकांना ते पटलं नाही, त्यांनी पोराला सुनावलं आणि राजा सावध व्हावा म्हणून शिष्याला निरोप देऊन पाठवलं. आता बघा, शब्द तेच, सात दिवस, तक्षक, मरण. शृंगीच्या तोंडात तो शाप आहे आणि शिष्याच्या तोंडात नुसती बातमी. आपल्या लेखकांनी ही गोष्ट लिहिली असती तर राजानं त्या बिचाऱ्या शिष्यालाच तळघरात डांबलं असतं. खरंच, इतक्या कथांत वेशीवरची आंधळी म्हातारी "वाईट होणार" म्हणते आणि गाव तिच्याच मागं दगड घेऊन लागतं. गाव चुकलं असं दाखवायचं असेल तर ठीक आहे की, पण शेवटी लेखकच म्हणतो की तिनंच केलं सगळं. मग आधी सांगायचं ना तिचं काय जळत होतं ते.

हीच चूक खुद्द कंसानं केली. देवकीचा आठवा तुला मारणार, ही आकाशवाणी. ना कुणाचा राग, ना कुणाचा हात. आणि हा शहाणा तलवार काढून कुणावर धावला, तर ज्या बहिणीचा रथ स्वतः हाकत होता तिच्यावर. नंतर कैद, नंतर पोरांची हत्या. म्हणजे त्याला मारायला आठव्याकडं काही कारण नव्हतं ते यानंच सहा वेळा दिलं. उलटं बघायचं तर द्रोण. द्रुपदानं सूड घ्यायला यज्ञ केला, आगीतनं धृष्टद्युम्न निघाला, हा द्रोणाला मारणार म्हणून आकाशवाणी झाली, सगळ्यांना कळलं, आणि द्रोणांनी काय केलं? त्याच पोराला घरी आणून अस्त्रविद्या शिकवली, होणारं चुकत नाही म्हणून. आपल्याला मारायला आलेल्याला आपणच शिकवायचं! एवढा भारी सीन पडून आहे आणि आपण अजून अमावास्येला वटवाघळं उडवतोय.

तर भविष्यवाणी ऐकल्यावर माणूस काय करतो यात तिची सगळी मजा असते. रहस्य पुढं असतं आणि बरेचदा त्या वाक्यातच दडलेलं असतं, म्हणून वाक्य घासूनपुसून लिहावं लागतं. "रक्त सांडेल, अंधार येईल" असलं काहीही चालत नाही, त्यातनं कुठलाही शेवट निघतो मग वाचकानं डोकं कशाला चालवायचं. शापाचं रहस्य मागं असतं. कुणी, कुणाला, कशासाठी, आणि तो माणूस खरंच तेवढा दोषी होता का, हे उकरत जायचं. म्हणजे डिटेक्टिव्हला शापातच काम आहे. भविष्यवाणीत डिटेक्टिव्ह घालून तपास कसला करणार, आकाशाची जबानी घेणार?

दुसरं म्हणजे उःशाप. हा शापालाच का असतो? कारण पाय धरायला कुणीतरी समोर असतं. कालिदासानं दुर्वासाचा शाप शकुंतलेच्या गोष्टीत नव्यानं घातला, महाभारतातल्या गोष्टीत तो नाहीच. आणि घालताना किती हुशारीनं घातला बघा. शकुंतला आपल्याच विचारात, तिला ऐकूच गेलं नाही, मैत्रिणींनी ऐकलं, एकीनं जाऊन विनवणी केली, ओळखीची खूण दाखवली की शाप सुटेल एवढं मिळवलं, आणि दोघींनी ते तिच्यापासून लपवलं. वाचकाला माहीत, मैत्रिणींना माहीत, जिचं आयुष्य जाणार तिलाच माहीत नाही, आणि तीच खुणेची अंगठी पाण्यात पडते. सस्पेन्स म्हणतात ते हे.

म्हैसूरकडच्या दंतकथेतल्या अलमेलम्माच्या शापाचीही अशीच भविष्यवाणी करून ठेवलीय. हल्ली जिकडं तिकडं "चारशे वर्षांपूर्वीची भविष्यवाणी खरी ठरली" म्हणून तिचे व्हिडिओ फिरतात. १६१० मध्ये म्हैसूरच्या राजा वडेयरनी श्रीरंगपट्टण घेतलं, विजयनगरच्या तिथल्या प्रतिनिधीची ही बायको, दागिन्यांसाठी माणसं मागं लागली म्हणून तिनं कावेरीत उडी टाकली आणि जाताना बोलली की तलकाडूची वाळू होवो, मालंगीला डोह होवो, म्हैसूरच्या राजांना मूल न होवो, अशी कथा आहे. तलकाडूची देवळं वाळूत गेलेली आजही दिसतात आणि म्हैसूरच्या घराण्यात दत्तक घ्यायची वेळ परत परत आली, म्हणून कथा टिकून आहे. वाळू वाऱ्यानं आली का नदीनं हा वेगळा विषय. पण बाई भविष्य सांगत नव्हती हो, ती सूड घेत होती. हातात तलवार नाही, बाजूला सैन्य नाही, उरलं काय तर शब्द. तिला भविष्यवेत्ती केलं की तिच्यावरचा अन्याय गायब, राजाची जबाबदारीपण गायब. त्या राजघराण्यात तिची मूर्ती पूजली जाते म्हणून सांगतात ते उगीच नाही, शाप देणाऱ्याचीच समजूत काढायची असते.

वर, प्रतिज्ञा, नवस यांचा घोळ कुणी फारसा करत नाही, ते सोडा. करणीबद्दल एवढंच की ती पैसे देऊन दुसऱ्याकडनं करवतात, शाप स्वतःच द्यावा लागतो, त्याला स्वतःचं जळावं लागतं. म्हणून करणीवाला व्हिलन मला नेहमी स्वस्तातला वाटतो.

अवघड जागा एकच, गांधारी. शंभर पोरं गेलेली बाई कृष्णाला म्हणते, छत्तिसाव्या वर्षी तुझं कुळ आपसांत मरेल आणि तूही एकटा मरशील. शाप आहे, कारणासकट. आणि कृष्ण नुसता हसतो, म्हणतो वृष्णींचा संहार करणारा माझ्याशिवाय दुसरा कोण आहे, जे व्हायचंच आहे तेच तू बोललीस. म्हणजे तिनं दिलेला शाप त्यानं भविष्य करून टाकला. तिच्याकडनं बघा, शाप. त्याच्याकडनं बघा, बातमी. हे जाणूनबुजून केलंय तिथं, चुकून झालेलं नाही, आणि असं करायचं असेल तर खुशाल करा.

समजा तुमची गोष्ट हिडकलच्या बुडालेल्या गावाची आहे. शापाची करायची तर धरणाआधीची एक बाई पाहिजे, तिची जमीन कुणीतरी कागद फिरवून खाल्लेली पाहिजे, आणि पाणी आटून जुन्या भिंती वर आल्यावर ते कागद कुणाच्या तरी घरात सापडले पाहिजेत. भाकणुकीची करायची तर जत्रेत एक ओळ म्हटली जाऊ दे, "बुडालेलं घर वारस मागेल" असली काहीतरी, आणि तीन भावांना ती तीन तऱ्हेनं कळू दे, तिघंही आपापल्या समजुतीनं धावू देत. आणि दोन्ही पाहिजेच असेल तर शाप देणारी बाई वेगळी ठेवा, भाकणूक सांगणारा वेगळा ठेवा, आणि दोघांची गाठ निदान पहिल्या शंभर पानांत तरी घालू नका.